विस्तारकार्यात समाजमाध्यमांचा उपयोग

शेतीशास्त्रातील एखादी सुधारणा प्रयोगक्षेत्रावर कितीही यशस्वी ठरली, तरी ती शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचल्यावाचून उत्पन्नात दाण्याचीही भर पडत नाही. प्रयोगक्षेत्र आणि बांध यांमधील हे अंतर कमी करणे हेच विस्तारकार्याचे प्रयोजन होय. त्यासाठी वापरावयाची साधने मात्र काळानुसार बदलत आली आहेत. सभा, प्रात्यक्षिक, भित्तीपत्रक, नभोवाणी व दूरदर्शन यांच्या जोडीला आता मोबाइल दूरध्वनी आला असून त्यावरील व्हॉट्सॲपचे गट, फेसबुक, यूट्यूबवरील चित्रफिती आणि जालावर लिहिल्या जाणाऱ्या नोंदवह्या, म्हणजे ब्लॉग, यांचा खेड्यापाड्यांतून सर्रास वापर होऊ लागला आहे. या साधनांना समाजमाध्यमे असे म्हणतात. त्यांमुळे ग्रामकार्यकर्ता, विषयतज्ज्ञ आणि शेतकरी यांच्या परस्पर बोलण्याची रीतच पालटली आहे. हा बदल नेमका कोणता, त्यातील लाभ व धोके कोणते आणि कार्यकर्त्याने कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार या पाठात केला आहे.

पूर्वीची साधने व त्यांपासून मिळालेला धडा

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समाजविकास योजनेस प्रारंभ झाला आणि पुढील वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली. या योजनेत ग्रामसेवक हा गाव आणि शासनाची निरनिराळी खाती यांमधील दुवा होता. खात्याकडून आलेली माहिती गावास सांगणे व गावाच्या अडचणी वर कळविणे असे दुहेरी काम त्याच्याकडे असे. प्रत्यक्षात माहिती वरून खाली लवकर येई. खालचा प्रश्न वर जाण्यास मात्र फार काळ लागे. कित्येकदा उत्तर येईपर्यंत हंगाम संपून गेलेला असे.

ही उणीव भरून काढण्याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुण्याच्या परिसरातील पाच मराठी भाषक जिल्ह्यांत सुमारे १५० गावी नभोवाणी चर्चामंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा याप्रमाणे दहा आठवडे विशेष कार्यक्रम प्रसारित करण्यात आले. मंडळाचे सभासद एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका आकाशवाणीकडे लिहून पाठवीत. पुढील कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे मिळत. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे या मंडळांचे सूत्र होते. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. ज्या गावी मंडळे होती तेथील लोकांच्या ज्ञानात लक्षणीय वाढ झाल्याचे तीत आढळले; मंडळे नसलेल्या गावी मात्र अशी वाढ फारशी दिसली नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. माहिती कानावर पडली म्हणजे ती पटली असे होत नाही. ऐकणाऱ्याला प्रश्न विचारता आला, चार जणांत त्याची उलटसुलट चर्चा झाली आणि विचारलेल्या प्रश्नास उत्तर मिळाले, म्हणजेच ती अंगी मुरते.

नव्या साधनांनी घडविलेला बदल

समाजमाध्यमांचा मोठा गुण हाच की, प्रश्न विचारणे आणि उत्तर मिळणे या दोन्ही गोष्टी त्यांनी अत्यंत सुलभ केल्या आहेत. हा बदल तीन प्रकारांनी जाणवतो.

पहिला बदल वेगाचा. पानावरील ठिपक्याचे छायाचित्र शेतातूनच तज्ज्ञाकडे पाठविता येते व कित्येकदा त्याच दिवशी उत्तर मिळते. शासनाच्या किसान कॉल सेंटरने २१ जानेवारी २००४ पासून १८००-१८०-१५५१ या विनामूल्य क्रमांकावर तोंडी सल्ल्याची सोय केली होतीच. त्या बोलण्याला आता छायाचित्राची व चित्रफितीची जोड मिळाली आहे.

दुसरा बदल दिशेचा. पूर्वी माहिती तज्ज्ञाकडून कार्यकर्त्याकडे व कार्यकर्त्याकडून शेतकऱ्याकडे अशी उतरत येई. आता शेतकरी शेतकऱ्याला सांगतो. एका तालुक्यातील द्राक्ष बागायतदाराने छाटणीचा अनुभव लिहिला की दुसऱ्या जिल्ह्यातील बागायतदार तो त्याच दिवशी वाचतो. बाजाराच्या बाबतीतही हेच घडत आहे. २०१२ च्या सुमारास सांगली भागातील हळद उत्पादकांनी भाव पडले असता फेसबुकवरून एकमेकांशी संपर्क साधला आणि लिलावास माल न नेण्याचे ठरविले, हे त्याचे एक ठळक उदाहरण होय.

तिसरा बदल कार्यकर्त्याच्या स्थानाचा. बातमी प्रथम ग्रामकार्यकर्त्याजवळ असे, म्हणून गाव त्याची वाट पाही. आज बातमी त्याच्या आधीच गावात पोचलेली असते. यास्तव केवळ बातमी सांगणे हे त्याचे काम उरलेले नाही. आलेल्या दहा बातम्यांपैकी खरी कोणती, ती आपल्या जमिनीस व हवामानास लागू पडते की नाही, हे तपासून सांगणे हे आता त्याचे मुख्य काम झाले आहे. कित्येक कार्यकर्त्यांना वाटते की, मोबाइलमुळे आपले महत्त्व कमी झाले. वस्तुतः ते कमी झालेले नाही, तर निराळ्या कामी लागले आहे.

शेजाऱ्याचा शब्द

नवी सुधारणा शेतकरी कोणाच्या शब्दावरून स्वीकारतो, या प्रश्नाचा अभ्यास फार पूर्वी झाला आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मका कसा पसरला याची पाहणी रायन व ग्रॉस या दोन संशोधकांनी १९४३ साली प्रसिद्ध केली. बहुतेक शेतकऱ्यांना या बियाण्याची पहिली वार्ता विक्रेत्यांकडून कळली होती. परंतु ते पेरण्याचा निश्चय होण्यास शेजाऱ्यांचा अनुभव विशेष कारण झाला, असे त्यांना दिसून आले.

आपल्याकडील खेड्यात याहून निराळा अनुभव येत नाही. शेजाऱ्याच्या शब्दाला वजन असते, कारण त्याचे शेत दिसते. त्याने कोणते बी पेरले, किती पाणी दिले, खत केव्हा टाकले आणि खळ्यावर रास किती पडली, हे सर्व गावाच्या डोळ्यांसमोर घडते. त्याचा शब्द त्याच्या पिकावरून पारखून घेता येतो.

समाजमाध्यमांनी शेजार फार मोठा केला आहे. दोनशे मैलांवरील शेतकरीही आता शेजाऱ्यासारखा बोलतो. त्याचे शेत मात्र दिसत नाही. त्याची जमीन काळी की मुरमाड, त्याच्याकडे पाणी किती, आणि मुळात तो शेतकरी आहे की माल खपविणारा विक्रेता आहे, हे पडद्यावरील शब्दांवरून कळत नाही. शेजाऱ्याच्या शब्दाला असलेला मान त्याला मिळतो, पण त्या शब्दाची पारख मात्र कोणी करीत नाही. समाजमाध्यमांचा बहुतेक अनर्थ येथूनच उद्भवतो.

शेतकऱ्यांना ही जाणीव नसते असे नाही. २००६ साली बंगळूर येथे आरंभ झालेल्या डिजिटल ग्रीन या उपक्रमात स्थानिक शेतकऱ्यांच्याच चित्रफिती तयार करून त्या गावात दाखविण्यात येत. तेव्हा प्रेक्षक विचारीत की, हा शेतकरी कोण, कोणत्या गावचा? हा प्रश्न अत्यंत समंजस आहे. प्रत्येक संदेशाच्या बाबतीत तो विचारला गेला पाहिजे.

एक उदाहरण : मक्यावरील लष्करी अळी

लष्करी अळीची ही जात मूळची अमेरिका खंडातील. २०१६ साली ती आफ्रिकेत आढळली आणि मे २०१८ मध्ये कर्नाटकात तिची भारतातील पहिली नोंद झाली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही दिसून आली. कीड नवी, तिची ओळख कोणालाच नाही आणि वेळ थोडा, अशी स्थिती होती. तिची अंडी दोन-तीन दिवसांत उबतात. लहान अळीचा बंदोबस्त सहज होतो. परंतु अळी मोठी होऊन पोंग्यात खोल शिरली म्हणजे फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. अशा वेळी एक आठवड्याचा विलंबही महाग पडतो.

अशा किडीच्या बाबतीत छायाचित्राचा उपयोग फार होतो. अळीच्या डोक्यावर उलट्या ‘वाय’ अक्षरासारखी फिकट खूण असते आणि शेपटीकडील आठव्या खंडावर चौकोनात बसलेले चार काळे ठिपके असतात. या दोन खुणा स्पष्ट दिसणारे छायाचित्र असल्यास तज्ज्ञ दूर बसूनही कीड ओळखू शकतो. नुसत्या कुरतडलेल्या पानाच्या छायाचित्रावरून मात्र निश्चित काही सांगता येत नाही, कारण पाने कुरतडणाऱ्या अळ्या अनेक आहेत. म्हणून छायाचित्र पाठविण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात :

(१) एक छायाचित्र किडीचे जवळून, एक रोगट भागाचे, एक संपूर्ण झाडाचे व एक शेताचे घ्यावे.
(२) आकार कळावा म्हणून किडीशेजारी नाणे किंवा काडेपेटी ठेवावी.
(३) छायाचित्र सकाळच्या उजेडात, सावली न पडेल असे घ्यावे.
(४) पिकाचे वाण, पेरणीची तारीख, दिलेली खते आणि आधी केलेल्या फवारण्या लिहून कळवाव्यात.

चौथी गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. पान पिवळे पडण्याची कारणे अनेक असतात आणि ती सर्व छायाचित्रात सारखीच दिसतात. मुळाशी पाणी साचले आहे की नत्र कमी पडले आहे, हे जमिनीत कुदळ घातल्यावरच कळते. जेथे शंका उरेल तेथे कार्यकर्त्याने स्वतः शेतावर जावे. छायाचित्र हे भेटीची तयारी आहे. त्याने भेट चुकत नाही.

संदेशातील दोष व त्यांचे परिणाम

एखाद्या गटात असा संदेश येतो : ‘मक्यावर अळी आली आहे. अमुक औषध चार ग्रॅम घालून ताबडतोब फवारा. हमखास गुण. सर्व शेतकऱ्यांना पाठवा.’ हा संदेश वरकरणी उपयुक्त वाटतो. परंतु चार ग्रॅम हे किती पाण्यात, हे त्यात लिहिलेले नाही. शिफारस दहा लिटर पाण्यास चार ग्रॅम अशी असेल आणि वाचणाऱ्याने ती एक लिटरास समजली, तर मात्रा दसपट होते. पिकास इजा होते, मित्रकीटक मरतात, पैसा वाया जातो आणि फवारणाऱ्याच्या जिवास अपाय होतो. चूक एका आकड्याची. ती मात्र एका दिवसात शेकडो गावी पोचते.

कीटकनाशकांच्या बाबतीत निष्काळजीपणा किती घातक ठरतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेचा संबंध समाजमाध्यमांशी जोडण्याचे कारण नाही. तथापि संरक्षक साधनांवाचून केलेली फवारणी आणि औषधांची मनास येईल तशी केलेली मिश्रणे यांचे मोल कोणते असते, हे तिने दाखवून दिले. अशी मिश्रणे सुचविणारा एकही संदेश पुढे पाठविण्यापूर्वी कार्यकर्त्याने ती माणसे आठवावीत.

पुढे ढकलल्या जाणाऱ्या संदेशांचा धोका माध्यम चालविणाऱ्यांच्याही ध्यानात आला आहे. २०१८ साली व्हॉट्सॲपने अशा संदेशावर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याचे बंधन घातले. २०२० साली वारंवार पुढे गेलेल्या संदेशांस एका वेळी एकच ठिकाण, असे आणखी कडक बंधन आले. तथापि ही खूण संदेश किती फिरला एवढेच सांगते. तो खरा की खोटा हे ती सांगत नाही. ते काम माणसानेच करावयाचे आहे.

संदेश कसा लिहावा

शेतीविषयक प्रत्येक संदेशात पुढील सहा गोष्टी असाव्यात :

(१) तारीख. मागील हंगामाचा सल्ला या हंगामात फिरत राहतो. तारीख असल्यास तो ओळखता येतो.
(२) स्थळ. कोकणातील भातासाठी दिलेला सल्ला मराठवाड्यात लागू पडत नाही.
(३) पीक व त्याची अवस्था.
(४) पूर्ण प्रमाण. किती औषध, किती पाणी आणि किती क्षेत्र, हे तिन्ही आकडे असावेत. हातपंप व यांत्रिक पंप यांस पाणी कमीअधिक लागते; म्हणून पंपाचा प्रकारही लिहावा.
(५) आधार. कृषि विद्यापीठ, कृषि विज्ञान केंद्र किंवा कृषि खाते यांपैकी कोणाची शिफारस, ते लिहावे. औषधाच्या वेष्टनावरील पिकांच्या यादीत आपले पीक आहे की नाही, हेही पाहावे.
(६) लिहिणाऱ्याचे नाव व हुद्दा. जो आपले नाव घालण्यास कचरतो, त्याचा सल्ला पुढे पाठवू नये.

वर दिलेला सदोष संदेश या रीतीने लिहिल्यास तो साधारणपणे असा होईल :

‘तारीख अमुक. मौजे अमुक. पीक मका, पेरणीनंतर वीस दिवस. एका शेतात पाच ठिकाणी प्रत्येकी वीस झाडे पाहिली. शंभरपैकी सात झाडांच्या पोंग्यात लहान अळ्या व ताजी विष्ठा आढळली. सर्वांनी उद्या सकाळी आपापल्या शेतात याच रीतीने मोजणी करून आकडा कळवावा. अंडीपुंज व अळ्या वेचून नष्ट कराव्यात. शंभरात पाचाहून अधिक झाडे किडलेली आढळल्यास पाच टक्के निंबोळी अर्क पोंग्यात पडेल असा फवारावा. रासायनिक औषधाविषयी विषयतज्ज्ञांचा लेखी सल्ला येताच कळविण्यात येईल. तोपर्यंत कोणतेही मिश्रण वापरू नये. आधार : कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला. हा संदेश या आठवड्यापुरताच समजावा.’ त्याखाली लिहिणाऱ्याचे नाव व हुद्दा.

हा संदेश लांब आहे हे खरे. परंतु तो वाचणाऱ्याला शेतात जाऊन मोजावयास लावतो आणि त्याच्याकडून उलट आकडा मागतो. अशा पंचवीस शेतकऱ्यांचे आकडे आले की, कार्यकर्त्यास संपूर्ण गावाची स्थिती एका दिवसात कळते. पूर्वी यासाठी आठवडा लागत असे. किडीच्या सर्वेक्षणाचे महत्त्व जाणूनच महाराष्ट्राने २००९ साली क्रॉपसॅप हा सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प हाती घेतला. गावाचा गट नीट चालविल्यास तोही याच कार्यास पूरक होऊ शकतो.

गट कसा चालवावा

गट पीकवार व शक्यतो लहान असावा. ऊस, कापूस व भाजीपाला यांची चर्चा एकत्र केल्यास कोणालाच हवी ती माहिती सापडत नाही. शुभेच्छा, राजकारण व जाहिराती यांना गटात स्थान नसावे, आणि हा नियम पहिल्याच दिवशी सर्वांच्या संमतीने करावा.

कित्येक ठिकाणी गोंधळ टाळण्यासाठी केवळ संयोजकालाच लिहिता येईल अशी योजना करतात. त्याने शांतता लाभते, परंतु गटाचा ध्वनिक्षेपक होतो. प्रश्न विचारण्याची सोय हेच या साधनाचे वैशिष्ट्य. तेच काढून घेतल्यास हाती काय उरले? त्यापेक्षा प्रश्नांसाठी दिवसातील ठरावीक वेळ राखून ठेवावी व त्या वेळी उत्तर अवश्य द्यावे. उत्तर माहीत नसल्यास ‘विचारून सांगतो’ असे स्पष्ट लिहावे आणि खरोखरच विचारून सांगावे. चुकीचा सल्ला गेल्यास तो गुपचूप पुसून न टाकता, चूक कोणती झाली ते त्याच गटात लिहावे. ज्यांनी तो सल्ला आधीच वाचला, त्यांना दुरुस्ती कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

आणखी एक प्रवृत्ती टाळावयास हवी. वरिष्ठांकडे गटातून छायाचित्रे पाठविली म्हणजे काम झाले, असा समज वाढत आहे. प्रात्यक्षिकाचे छायाचित्र म्हणजे प्रात्यक्षिक नव्हे. किती शेतकऱ्यांनी ते पाहिले यापेक्षा पुढील हंगामात किती जणांनी ती रीत स्वतः केली, हीच त्याची खरी नोंद होय.

नोंदवहीचे महत्त्व

गटातील बोलणे वाहत्या पाण्यासारखे असते. आज मिळालेले उत्तम उत्तर महिन्याने शोधूनही सापडत नाही, आणि तोच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारावा लागतो. यावर उपाय म्हणजे ब्लॉग किंवा तत्सम जालावरील नोंदवही. कार्यकर्त्याने किंवा प्रगतिशील शेतकऱ्याने हंगामातील प्रश्न, दिलेला सल्ला आणि त्याचा परिणाम, हे तिन्ही तारीखवार लिहून ठेवावे. परिणाम वाईट झाला तरी तोही लिहावा. यशाच्या गोष्टी सर्वच सांगतात. कोणती सुधारणा कोणत्या जमिनीत फसली याची प्रामाणिक नोंद मात्र क्वचितच मिळते, आणि शेतकऱ्याला तिचाच अधिक उपयोग होतो. असे लिखाण संशोधकाच्याही दृष्टीस पडते, आणि बांधावरचा प्रश्न प्रयोगक्षेत्रापर्यंत पोचण्याचा मार्ग खुला होतो.

ज्यांच्या हाती मोबाइल नाही

प्रत्येक गावात असे काही लोक असतात की, ज्यांच्याकडे असा मोबाइल नाही, किंवा असूनही वाचता येत नाही. कित्येक घरांत मोबाइल पुरुषाच्या खिशात असतो, तर निंदणी, वेचणी व बियाण्याची राखण स्त्रीच्या हाती असते. गटात सल्ला गेला म्हणजे गावात गेला, असे मानल्यास हे सर्व लोक वगळले जातात. म्हणून गटातील महत्त्वाचा सल्ला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहावा, महिला बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवावा आणि वाचता न येणाऱ्यांसाठी बोलून ध्वनिमुद्रित करून पाठवावा. १९५६ च्या चर्चामंडळांत अनेक जण मिळून एक कार्यक्रम ऐकत असत. तशाच रीतीने पाराजवळ एका मोबाइलवर चित्रफीत दाखवून दहा जणांची चर्चा घडवून आणता येते.

साधन नवे असले तरी काम जुनेच आहे. शेतकऱ्याने दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून आपले एक हंगामाचे पीक पणास लावावयाचे असते. तो शब्द कोणाचा आहे व कोणत्या शेतातून आला आहे, हे त्याला सांगणे कार्यकर्त्याचे कर्तव्य होय.

मासिक बैठकीतील चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या गावाच्या गटात मागील आठवड्यात आलेल्या शेतीविषयक संदेशांपैकी किती संदेशांत वरील सहाही गोष्टी होत्या?
(२) त्यांपैकी एक सदोष संदेश घेऊन तो पुन्हा नीट लिहून काढा.
(३) गावातील कोणत्या कुटुंबांपर्यंत गटातील सल्ला पोचत नाही? त्यांच्यासाठी कोणती व्यवस्था करता येईल?
(४) या हंगामात फसलेल्या एका प्रयोगाची नोंद तयार करा व ती बैठकीत वाचून दाखवा.